टेलिस्कोपिक शिडी अ‍ॅल्युमिनियमची घ्यावी की फायबरची? माझं मत फायबरच्या बाजूनं

शहापूरकर:
मिरगाच्या आधी कौलं परतायला आणि गणपतीत दारावर माळा सोडायला म्हणून आमच्या भागात आता घरोघरी अ‍ॅल्युमिनियमची टेलिस्कोपिक शिडी येऊ लागली आहे. मिटवली की दाराआड मावते, बाईमाणसाला एकटीला उचलता येते, हे सगळं मान्य. पण बेळगावातल्या शहापूर, वडगाव, खासबागच्या जुन्या गल्ल्यांत ही शिडी घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

कारण एकच. या गल्ल्यांत खांबावरून घरात येणारी वायर पागोळीच्या हातभर अंतरावरून जाते, काही घरांत तर ती कौलालाच टेकलेली असते. वरचं प्लास्टिक ऊनपावसानं तडकलेलं असतं. डोक्यावरून जाणाऱ्या विजेच्या बहुतेक तारा अ‍ॅल्युमिनियमच्याच असतात, आणि त्यातून वीज सहज जाते. त्याच धातूची शिडी आपण त्या तारेशेजारी उभी करतो आणि ओल्या अंगणात तिचे पाय टेकवतो. पैसे थोडे जास्त गेले तरी वीज अडवणाऱ्या फायबरग्लासचीच घ्या.

उद्यमबाग कामगार:
कळकळ समजते, पण तुम्ही टेलिस्कोपिक शिडी कशी चालते ते लक्षात घेतलं नाही. तिच्या नळ्या एकीच्या पोटात एक अशा बसतात. प्रत्येक पायरीला एक नळी, तळाची सगळ्यांत जाड आणि माथ्याची सगळ्यांत बारीक. हे जमायला नळीची भिंत पातळ हवी आणि तरी ती वाकायला नको. अ‍ॅल्युमिनियम तिथं कामाला येतं. त्याची घनता पाण्याच्या 2.7 पट, लोखंडाची 7.8 पटीच्या आसपास, म्हणजे वजन जवळजवळ एक तृतीयांश. साच्यातून दाबून काढलेली नळी हवी त्या मापाची आणि गुळगुळीत मिळते.

फायबरग्लास वजनाला अ‍ॅल्युमिनियमपेक्षाही हलकं आहे हे खरं, पण ते लवचिक. त्याच भाराला कमी वाकावं म्हणून भिंत जाड करावी लागते. मग एकात एक दहा नळ्या बसवायच्या कशा? बसवल्याच तर शिडी जाडजूड आणि जड होणार. फायबर पाहिजे असेल तर साधी सरकती दोन भागांची किंवा घोडा-शिडी घ्या. टेलिस्कोपिक म्हणून फायबरचा आग्रह धरू नका.

शहापूरकर:
मग टेलिस्कोपिकचाच आग्रह का धरायचा? दोन भागांची फायबर शिडी बोळात नेता येते, आडवी करून भिंतीला टांगता येते. तुमच्या मुद्द्यानं माझंच म्हणणं पक्कं होतं: तारेजवळच्या घरात टेलिस्कोपिक नकोच.

खानापूरची वाचक:
आमच्याकडं जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला पाऊस लागला की आठवडेच्या आठवडे काही वाळत नाही. म्हणून फायबरवाल्यांना एक सांगते. फायबरग्लास वीज अडवतं ते कोरडं आणि स्वच्छ असेल तरच. चिखलाचा थर, शेवाळ, पाण्याची धार असली की पृष्ठभागावरूनच वीज वाट काढते. शिवाय बऱ्याच फायबर शिड्यांचे उभे दांडे तेवढे फायबरचे असतात, पायऱ्या अ‍ॅल्युमिनियमच्याच. ‘फायबरची आहे, काही होत नाही’ म्हणून पावसात वर चढणारा माणूस जास्त धोक्यात आहे. आमचे जुने लोक बांबूची शिडी वापरायचे, तोही ओला झाला की भरवशाचा नाही.

आणि उन्हाचंही बघा. फायबर बाहेर पडून राहिलं की वरची राळ झडते आणि काचेचे तंतू उघडे पडतात. हाताला कुसं लागतात, ओल आत जाते.

निपाणी रंगकाम:
मी रंगाऱ्यांकडून कामं करून घेतो. जुन्या वखारी, उंच भिंती, चुन्याचे गिलावे. अ‍ॅल्युमिनियमला गंज चढत नाही असं दुकानात सांगतात, ते अर्धंच खरं. ओला चुना आणि ओलं सिमेंट अ‍ॅल्युमिनियम खातात, त्यावरचा संरक्षक पापुद्रा विरघळवतात. साध्या शिडीला डाग पडून भागतं, पण टेलिस्कोपिकच्या नळीवर चुना वाळून खरबरीत झाला की ती सरकायची थांबते. आमच्या कामाला टेलिस्कोपिक नको, हे माझं ठाम मत.

उद्यमबाग कामगार:
हे पटलं. त्यात लाल मातीची भर घाला. उघडलेली नळी जागेवर अडवणारी कुलपाची पिन स्प्रिंगवर चालते. वाळू आत गेली तर ती अर्धीच बसते, वरून मात्र शिडी लागल्यासारखी दिसते. प्रत्येक पायरीला टक् आवाज ऐका, दोन्ही बाजूंची खूण बघा, मगच पाय ठेवा. तेल-ग्रीस लावू नका, त्यावर धूळ चिकटते. कोरड्या फडक्यानं पुसा.

कुणी म्हणेल, आपल्या उद्यमबागेत वेल्डिंगवाले इतके आहेत, मोडली तर जोडून घेऊ. अजिबात नको. ही नळी उष्णता देऊन कडक केलेली असते. वेल्डिंगच्या तापानं जोडाजवळचा भाग पुन्हा मऊ पडतो. जोड चकचकीत दिसतो आणि शिडी तिथंच वाकते. वाकलेली टेलिस्कोपिक शिडी भंगारातच द्यायची.

चिकोडी वायरमन:
रोज शिडीवर चढणारा माणूस म्हणून बोलतो. शहापूरकरांच्या बाजूनं. घरातल्या 230 व्होल्टच्या कामाला मी फायबरशिवाय हात लावत नाही, आणि तेसुद्धा आधी मेन स्विच बंद करून. पण मेन स्विच बंद केला तरी खांबापासून मीटरपर्यंतची वायर चालूच राहते, हे घरातल्यांच्या ध्यानात येत नाही. कौलं परतताना हात लागतो तो नेमका तिथं. ती वायर झिजली असेल तर हेस्कॉमला, म्हणजे आपल्या वीज कंपनीला कळवा, लाईन बंद करून घ्या, मग चढा की ओ. आणि 11 केव्हीची, म्हणजे 11 हजार व्होल्टची लाईन जवळून जात असेल तर धातू-फायबर हा वादच नाही. त्या तारेला न टेकताही वीज हवेतून उडी मारते. तिथं शिडी उभी करायचीच नाही.

खानापूरची वाचक:
म्हणजे तार नसलेल्या घरानं काय घ्यायचं? आमचं घर माळावर, वायर मागच्या बाजूनं येते, पुढची पागोळी मोकळी. जागा मात्र कमी.

शहापूरकर:
तिथं अ‍ॅल्युमिनियमची टेलिस्कोपिक घ्या, माझा विरोध नाही. फक्त मागच्या बाजूला ती कधी न्यायची नाही, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत पाहिजे. घेताना शिड्यांच्या ईएन 131 या युरोपीय मानकाचा उल्लेख बघा, त्याचा सहावा भाग खास टेलिस्कोपिक शिड्यांचा आहे आणि भार 150 किलोपर्यंत धरलेला असतो. तीन मीटरच्या वर लांब असेल तर तळाला रुंद आडवी पट्टी असलेलीच घ्या. शिडी जिथं टेकते ती उंची चार मीटर असेल तर पाय भिंतीपासून एक मीटर लांब ठेवा.

उद्यमबाग कामगार:
आणि जांभ्याच्या ओल्या फरशीवर रबराचे पाय घसरतात. खाली एकानं धरूनच उभं राहावं.