ती छिद्रे हवेसाठी नाहीत

लेनोवोच्या थिंकपॅड टी४३० या लॅपटॉपच्या तळावरील बारीक छिद्रे हवेसाठी असावीत, असे काहींना वाटते. ते बरोबर नाही. कीबोर्डवर चहा-पाणी सांडल्यास ते आतील मदरबोर्डवर (मुख्य सर्किट बोर्डवर) न साचता खाली निघून जावे, म्हणून ती ठेवलेली असतात. त्यामुळेच काही सांडल्यावर लॅपटॉप घाईने तिरका करू नये, कारण तसे केल्यास पाणी ठरलेली वाट सोडून नको तिथे उतरते. आधी चार्जर काढून लगेच यंत्र बंद करावे. हवेच्या जाळीच्या फटी वेगळ्या, लांबट असतात.

बॅटरीच्या दोन खिट्ट्यांपैकी एक सरकवली की तिथेच राहते. दुसरी मात्र स्प्रिंगची असल्याने बॅटरी निघेपर्यंत बोटाने धरून ठेवावी लागते. धातूचे बारीक संपर्क असलेली लांबट खाच डॉकसाठी, म्हणजे लॅपटॉप ज्यावर बसवून इतर उपकरणे जोडतात त्या तळखणासाठी, आहे; तिच्यात काही खुपसू नये. तळावरील झाकणाखाली रॅमचे, म्हणजे यंत्राच्या तात्पुरत्या स्मृतीच्या पट्टीचे, स्लॉट असतात. कीबोर्ड सोडवण्याचे स्क्रू तळावरच, खुणेच्या छोट्या चित्रांजवळ, सापडतात.