निवृत्त होणाऱ्या साहेबांसाठी कराओकेत म्हणायला हळवं जपानी गाणं सुचवा

निशिकासाईचा_नवखा
नमस्कार मंडळी. टोकियोत नोकरी करतो. आमचे बुचो, म्हणजे विभागप्रमुख, मार्चअखेरीस निवृत्त होताहेत. वय ६५. निरोपाच्या जेवणानंतर निजिकाईला, म्हणजे दुसऱ्या बैठकीला, सगळी वरात कराओकेत जाणार आणि तिथे मी एक जपानी गाणं म्हणणार, हे मला न विचारताच ठरलंय. गाणं असं हवं की पन्नाशी-साठीच्या माणसांचे डोळे पाणावतील. अटी: १) पाच मिनिटांच्या वर नको. २) कोणी गेल्याचं गाणं नको, माणूस निवृत्त होतोय फक्त. ३) वरचा सा लागला की माझा आवाज फाटतो. ४) हिरागाना, म्हणजे जपानीची साधी उच्चारलिपी, वाचता येतो, पण सावकाश.

ओसाका_रिटर्न
डोळे मिटून 'तोइरे नो कामिसामा' घ्या. उएमुरा काना, २०१०. आजी नातीला सांगते की संडासात देवी असते, रोज घासून लख्ख ठेवलंस तर तूही सुंदर होशील. पुढे नात मोठी होते, आजीपासून दुरावते आणि मग जे व्हायचं ते होतं. त्या वर्षी एनएचके वाहिनीच्या ३१ डिसेंबरच्या कोहाकु या गाण्यांच्या कार्यक्रमातही झालं होतं. मी ओसाकाच्या ऑफिसात म्हटलं तेव्हा अकाउंट्सचे तीन खडूस लोक ओशिबोरीने (हात पुसायच्या ओल्या टॉवेलने) डोळे पुसत होते. वर 'तुमचा उच्चार जपान्यांसारखा आहे' हेही ऐकायला मिळालं.

निशिकासाईचा_नवखा
आभार, पण हे जवळजवळ दहा मिनिटांचं आहे की! आणि आजी शेवटी जातेच ना?

ओसाका_रिटर्न
चांगल्या गोष्टीला वेळ लागतो.

टाळकुटे_बुवा
मिसोरा हिबारी, 'कावा नो नागारे नो यो नि'. विषय संपला. नदी वाहते तसं आयुष्य वाहिलं, एवढंच म्हणणं, पण साठीच्या माणसापुढे म्हणून बघा. जानेवारी १९८९ मध्ये आलं आणि त्याच जूनमध्ये बाई गेल्या, वय अवघं ५२. आदल्या वर्षी मोठ्या दुखण्यातून उठून त्यांनी टोकियो डोममध्ये कार्यक्रम केला होता. आपल्या लोकांना या जुन्या गाण्यांचं वळण लवकर बसतं, कारण एन्का म्हणजे जुन्या वळणाची हळवी गाणी, आणि त्यातल्या बऱ्याच गाण्यांत म आणि नी वर्ज्य. सरळ भूप!

सूरपेटी
बुवा, सरळ भूप कसा? ते फक्त मेजरमध्ये. एन्काची रडकी गाणी बहुतेक मायनरची: सा रे, कोमल ग, प, कोमल ध. शिवरंजनीचा धैवत उतरवला की झालं. शिवाय भूप म्हणजे नुसते पाच स्वर नव्हेत, चलन नावाची काही चीज असते.

टाळकुटे_बुवा
चलन शिकवायला क्लास काढा. त्यांचा कोबुशी म्हणजे आपली हरकतच आहे, हे तरी मान्य आहे का?

सूरपेटी
हरकत नाही.

चिंचोके
धाग्याचं काश्मीर व्हायच्या आत: 'उए ओ मुइते आरुको'. साकामोतो क्यू, १९६१. अश्रू ओघळू नयेत म्हणून वर बघत चालणारा माणूस. चाल इतकी हसरी की रडू मागाहून येतं. १९६३ मध्ये अमेरिकेतही पहिल्या क्रमांकावर होतं. सोपं, छोटं, आणि शिट्टी वाजवायचा तुकडा आहे, तेवढाच घशाला आराम.

काकूबाई_सिॲटल
पण ते गायक विमान अपघातात गेले ना हो? ऑगस्ट १९८५, ५२० माणसं गेली होती त्यात. याने लिहिलंय ना, जाण्याचं नको म्हणून.

चिंचोके
अहो काकू, गायक गेला म्हणून गाणं मयताचं होत नाही. तसं पाहिलं तर बुवांच्या हिबारीबाईही गेल्याच.

काकूबाई_सिॲटल
बरं बाई. माझं मत 'कॉसमॉस'ला. यामागुची मोमोए, १९७७, लिहिलंय सादा मासाशी यांनी. उद्या लग्न होऊन जाणारी मुलगी, आणि ओसरीवर अल्बम उघडून बसलेली तिची आई. माझ्या लेकीच्या लग्नाच्या आदल्या रात्री जावयाच्या जपानी मैत्रिणीने ऐकवलं. शब्द एक कळला नाही, मी मेंदी भरल्या हातांनी डोळे पुसत बसले आणि कपाळभर मेंदी झाली. फोटोत अजून दिसते.

निशिकासाईचा_नवखा
काकू, सुंदर आहे, पण मी बुचोंना सासरी नाही पाठवत आहे :)

शिबुया_बॉय
सगळे इतकी जुनी गाणी काय सांगताय? योनेझु केन्शीचं 'लेमन' म्हणा, २०१८.

लाल_डबा
लेमनला +१. 'नादा सोसो'पण आहे. शब्द मोरियामा र्योको यांचे, त्यांनी अकाली गेलेल्या मोठ्या भावासाठी लिहिले. नात्सुकावा रिमीचं ऐका. माझा दादा गेल्यापासून मी ते लावत नाही.

निशिकासाईचा_नवखा
लाल_डबा, वाईट वाटलं वाचून. पण मंडळी, अट क्रमांक २…

कराओके_पीडित
गाणं कुठलंही घ्या, आधी हे वाचा.
मशीनवर पट्टी उतरवता येते, ती गाणं सुरू व्हायच्या आधीच उतरवा. मी ध्रुवपदात पोचल्यावर उतरवली आणि मी एका घरात, वाजंत्री दुसऱ्या. कांजीवर, म्हणजे चिनी चित्राक्षरांवर, छोट्या अक्षरांत उच्चार येतात, पण ओळ रंगत जाते त्या वेगाने नवख्याला वाचता येत नाही, तेव्हा पाठच करा. गाइड मेलडी (मूळ चाल हळू आवाजात वाजत राहते ती) चालू ठेवा. गुण देणारी सोय मात्र बंद करा! एकाच्या निरोपाला सगळे मुसमुसत असताना पडद्यावर माझे ६१ गुण तुतारीसकट आले होते. आणि खोलीतली खंजिरी कोण घेतंय ते बघून ठेवा. प्रत्येक ऑफिसात एकजण हळव्या गाण्यावरही ती बडवतो.
निरोपाला रुळलेलं गाणं म्हणजे 'ओकुरु कोतोबा', काइएन्ताई, १९७९. शाळामास्तरांच्या गाजलेल्या मालिकेचं, पदवीदानाला अजून म्हणतात. सगळ्यांना पाठ असतं, तुम्ही अडखळलात तर खोली गाणं ओढून नेते.

सूरपेटी
'ओकुरु कोतोबा' मुळात प्रेमभंगाचं आहे. गीतकाराने स्वतः सांगितलंय.

वाटाड्या
सगळे प्रतिसाद वाचले नाहीत, पण 'कावा नो नागारे नो यो नि' कोणी सुचवलं का?

टाळकुटे_बुवा
नाही. तुम्हीच पहिले.

निशिकासाईचा_नवखा
सर्वांचे आभार. ठरलं: 'त्सुगारु काइक्यो फुयुगेशिकी', इशिकावा सायुरी, १९७७. कोणीच सुचवलं नाही, माहीत आहे. पण बुचो मूळचे उत्तरेकडच्या आओमोरीचे, बारावीनंतर रात्रीच्या गाडीने टोकियोच्या उएनो स्टेशनला उतरले ते इथलेच झाले. गाणं नेमकं उलट्या वाटेचं आहे: उएनोहून रात्रीची गाडी, बर्फातलं आओमोरी स्टेशन, गप्पगप्प उतारू, आणि मग होक्काइदोची बोट. काल जेवताना मी सहज नुसतं नाव काढलं. ते चॉपस्टिक्स खाली ठेवून त्या बोटीच्या भोंग्याबद्दल बोलत राहिले आणि त्यांचं सोबा (शेवयांचं) पार थंड झालं.

सूरपेटी
आओमोरी हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायला काय झालं होतं? आणि एन्का? वरचा सा फाटतो म्हणालात ना? ध्रुवपदाची शेवटची ओळ बघितलीत का?

काकूबाई_सिॲटल
त्यात ती बाई माणसाला सोडून चाललेली असते ना रे? निरोपाला बरं दिसेल का?

कराओके_पीडित
बायकांची पट्टी आहे, आधी घरी तपासून आकडा लिहून ठेवा. आणि हरकती घेऊ नका, सरळ म्हणा.

वाटाड्या
१९८८ मध्ये समुद्राखालचा बोगदा झाला आणि ती बोट बंद पडली. जुनी हाक्कोदा-मारू आओमोरी स्टेशनजवळ संग्रहालय म्हणून उभी आहे. तिथेच या गाण्याची शिळा आहे, जवळ गेलं की गाणं वाजतं. बुचोंना तिथला फोटो भेट द्या.

निशिकासाईचा_नवखा
वाटाड्या, हे आवडलं! फ्रेम करून देतो. पट्टी चार घरं उतरवून बघतोय, अजून तरी फाटतोय.

ओसाका_रिटर्न
तरीही 'कामिसामा' तयार ठेवा. सांजिकाईपर्यंत, म्हणजे तिसऱ्या बैठकीपर्यंत, जे उरतात त्यांना दहा मिनिटांची घाई नसते.