कार्डिनल मिंडसेन्टी : निधड्या छातीचा धर्मगुरू की नुसता हट्टी?

कोरा_कागद (धागाकर्ता) :
हंगेरीचे कार्डिनल योजेफ मिंडसेन्टी (१८९२–१९७५) यांचं नाव निघालं की लोक लगेच हात जोडतात. १९१९ला बेला कुनच्या कम्युनिस्टांनी पकडलं, १९४४ला नाझींच्या हंगेरियन साथीदारांनी, १९४८च्या नाताळच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा कम्युनिस्टांनी. फेब्रुवारी १९४९मध्ये खटल्याचं नाटक करून जन्मठेप. सगळं मान्य. माझा आक्षेप पुढच्या काळाबद्दल आहे. १९५६च्या कम्युनिस्टविरोधी उठावात ते सुटले, चार-पाच दिवसांत सोव्हिएत रणगाडे बुडापेस्टमध्ये घुसले आणि हे अमेरिकी वकिलातीत शिरले, ते थेट सप्टेंबर १९७१मध्ये बाहेर पडले. एस्टरगॉमचे आर्चबिशप म्हणजे देशातल्या कॅथलिक चर्चचे प्रमुख, आणि पंधरा वर्षं कारभार बघता येत नाही! १९५८ आणि १९६३च्या पोप-निवडीलाही जाता आलं नाही. पोलंडच्या चर्चचे प्रमुख कार्डिनल विशिन्स्की यांनी १९५०मध्ये सरकारशी करार केला, कैदेतही राहिले, पण १९५६ला सुटल्यावर मरेपर्यंत, १९८१पर्यंत, चर्च सांभाळलं. हंगेरीला तसा माणूस हवा होता.

जुनी_वही :
अहो, करार हंगेरीतही १९५०मध्येच झाला होता की! मिंडसेन्टी तुरुंगात असताना आर्चबिशप ग्रोस यांनी ऑगस्टमध्ये सही केली. मिळालं काय? पुढच्याच महिन्यात बहुतेक धर्मसंघांची मान्यता काढून घेतली, आणि १९५१मध्ये खुद्द ग्रोस यांनाच १५ वर्षांची शिक्षा ठोठावली. जुळवून घेणाऱ्याचे हे हाल, मग न घेणाऱ्याला कसला दोष देता? शिवाय पोलंडमध्ये चर्चच्या मागे जवळजवळ अख्खा देश होता. हंगेरीत कॅल्व्हिनपंथी, लुथरन असे प्रोटेस्टंटही बरेच.

कोरा_कागद :
ग्रोस यांच्यावर ही वेळ आली ती कम्युनिस्ट हुकूमशहा राकोशीच्या काळात. १९६४ला व्हॅटिकननं बुडापेस्टशी समझोता केला तोवर वारं फिरलं होतं, रिकाम्या धर्मप्रांतांना बिशप मिळू लागले. एस्टरगॉमचं घोडं मात्र अडलेलंच.

तिरकस :
१९४७ला अमेरिकेत जाऊन हंगेरीच्या शेवटच्या राजाचा मुलगा ऑटो फॉन हाब्सबुर्ग याला भेटायची काय गरज होती? राजेशाहीची ओढ या गृहस्थांनी कधी लपवली नाही. खटला बनावट होता, पण हे कोलीत त्यांनी स्वतःच सरकारच्या हाती दिलं.

जुनी_वही :
@तिरकस, हे कोलीत नसतं तर दुसरं शोधलं असतं. अटकेआधीच त्यांनी लिहून ठेवलं होतं, की मी कबुलीजबाब दिलाच तर तो ग्राह्य धरू नका. पुढे काय वाढून ठेवलंय हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आणि समझोत्याचं कौतुक करणाऱ्यांनी शेवटही सांगावा. राजीनामा देईनात म्हणून पोप पॉल सहावे यांनी त्यांचं पद रिक्त ठरवलं. घोषणा कधी? फेब्रुवारी १९७४, खटल्याला बरोबर पंचवीस वर्षं होताना. व्हॅटिकनात कुणाकडे कॅलेंडर नव्हतं?

कोरा_कागद :
मुहूर्त वाईटच होता. पण ते हयात असेपर्यंत पोपनी नवा आर्चबिशप नेमला नाही, बिशप लेकाईंना प्रशासक म्हणून बसवलं. पूर्ण पद त्यांना १९७६मध्ये मिळालं. नुसतं हाकलायचंच असतं तर एवढं कोण थांबलं असतं?

जुनी_वही :
म्हणजे पद काढून घेतल्यावरही त्यांच्या खुर्चीवर दुसऱ्याला बसवायची कुणाची छाती झाली नाही. मग वकिलातीतली पंधरा वर्षं वाया गेली, हे तुम्ही कशाच्या आधारावर म्हणता?