लातूरला लहान टेरियर घ्यायचाय: जॅक रसेल की यॉर्की?

गंजगोलाईकर
लातूरला दोन खोल्या आणि वर गच्ची असं घर. मुलं सात आणि अकरा वर्षांची, आई दिवसभर घरीच असते. लहान टेरियर घ्यायचं ठरलंय. हैदराबादच्या एका विक्रेत्यानं व्हॉट्सॲपवर यॉर्कीचं (यॉर्कशायर टेरियरचं) ३५ दिवसांचं पिल्लू दाखवलंय. अंगभर सोनेरी-चंदेरी रंग, दिसायला लई गोड. निम्मे पैसे आधी टाका, रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पाठवून देतो म्हणतोय. उन्हाळ्याआधी घेऊन टाकावं का? बघताना नेमकं काय बघायचं?

तांबडी_माती
पैसे टाकू नका. तुम्ही लिहिलंय त्यातच तीन खोट आहेत.

पहिली, वय. २०१७ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही, आणि पैदास करणाऱ्याची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. नोंदणी क्रमांक मागा. बहुतेक वेळा त्यानंतर फोनच उचलला जात नाही. पाचव्या आठवड्यात आईपासून तोडलेलं पिल्लू चावण्याचा जोर आवरायला शिकलेलं नसतं. तुमच्या सात वर्षांच्या पोराला ते पुढं जड जाईल.

दुसरी, रंग. यॉर्कीचं पिल्लू जन्मतः काळं असतं. भुवयांवर, तोंडावर, पायांवर आणि शेपटीखाली तेवढे तांबूस ठिपके. पाठीचा पोलादी निळसर रंग पुढं वर्ष-दोन वर्षांत चढत जातो. पाच आठवड्यांत अंगभर सोनेरी-चंदेरी म्हणजे एकतर ल्हासा किंवा शिह् त्झू या दुसऱ्या झुपकेदार जातींची मिसळ, नाहीतर फोटो भलत्याचाच.

तिसरी, ट्रॅव्हल्स. डिकीत हवा नाही, पाणी नाही. त्यात एवढ्याशा पिल्लाला सात-आठ तास उपाशी ठेवलं की रक्तातली साखर घसरून ते लुळं पडतं. आणायचं तर आपल्या गाडीत, मांडीवर. येताना वाटेत थोडं थोडं भरवत राहायचं, गूळपाण्याची बाटली जवळ ठेवायची. पिल्लू लुळं वाटलं तर ते गूळपाणी त्याच्या हिरड्यांना चोळायचं आणि तडक डॉक्टर गाठायचा.

कोरडवाहू
जात कोणती, ते घरातल्या माणसांवर ठरवा.

यॉर्की मोठी झाली तरी जेमतेम सव्वातीन किलो. सोफ्यावरून उडी मारली किंवा पोराच्या हातून सुटली तर पुढच्या पायाचं हाड मोडतं. ‘टीकप’ नावाची जात नाही. ते अशक्त पिल्लाला दिलेलं गोड नाव.

जॅक रसेल पाच-सहा किलोंचा, काटक, पोरांच्या धिंगाण्याला पुरून उरतो. पण तो इंग्लंडमध्ये कोल्ह्याला बिळातून हुसकावायला तयार झालेला कुत्रा. रोज तासभर पळवला नाही तर कुंड्या उकरेल, चपला फाडेल, दिवसभर भुंकेल. उंदीर-घुशीमागं तर जीव टाकून जातो, म्हणून घरात उंदराचं विष ठेवायचं नाही. विष खाऊन मेलेला उंदीर चघळला तरी धोका असतो. शेतावर नेलात तर बिळात तोंड घालतो, आणि आपल्याकडं बिळात घोणसही असते.

तुमच्या घराला माझं मत जॅक रसेल. सकाळी सहाला उठणारं कुणी असेल तरच.

गंजगोलाईकर
मी उठतो. समजा पिल्लू समोर आलं, तर हातात घेऊन काय तपासू?

तांबडी_माती
आधी आई बघा. आई दाखवायला टाळाटाळ केली की उठा. आई भित्री किंवा अंगावर येणारी असेल तर पिल्लूही बहुधा त्याच वळणावर जातं.

मग पिल्लू जमिनीवर चालवा. मागचा एक पाय मधेच उचलून तीन पायांवर उड्या मारत असेल तर गुडघ्याची वाटी सरकते, छोट्या टेरियरमध्ये हे नेहमीचं. हिरड्या गुलाबी हव्यात, फिकट असल्या तर जंत किंवा गोचीड. पोट ढोलासारखं आणि बरगड्या उघड्या असल्या तरी जंतच. जॅक रसेलचं डोकं फारच पांढरं असेल तर ते झोपलेलं असताना मागून टाळी वाजवा. पांढऱ्यांत बहिरेपण जास्त आढळतं.

लसीच्या पुस्तिकेत नुसती तारीख चालत नाही. कुपीवरचं बॅच नंबरचं लेबल चिकटवलेलं आणि डॉक्टरची सही, नोंदणी क्रमांक हवा. विक्रेते स्वतःच टोचतात. लस २ ते ८ अंशांत राहिली नसेल तर टोचलेलं पाणीच. सहा ते आठ आठवड्यांना पहिली, मग दर तीन-चार आठवड्यांनी सोळाव्या आठवड्यापर्यंत, रेबीजची तीन महिन्यांना. तोवर रस्त्यावर उतरवायचं नाही. पार्व्हो हा जुलाबाचा जीवघेणा विषाणू अंगात भिनायला साधारण तीन ते सात दिवस लागतात, म्हणून घेताना टुणटुणीत दिसलेलं पिल्लू चौथ्या-पाचव्या दिवशी ओकाऱ्या-जुलाबानं आडवं होतं. आणल्यावर दोन दिवसांत दाखवून घ्या. उदगीरचं आणि परभणीचं पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे.

शेरी_नाल्याकाठी
उन्हाळ्याआधी घाई कशाला? ऑक्टोबर-नोव्हेंबरात घ्या. मे येईपर्यंत लशी संपून पिल्लू सात-आठ महिन्यांचं होतं. मार्चमधलं पिल्लू नेमकं चाळीस-बेचाळीस अंशांत वाढवावं लागतं. सकाळी सातच्या आत आणि रात्री आठनंतर फिरवा. डांबरावर उलटा हात सात सेकंद टेकवता येत नसेल तर बाहेर काढू नका. धापा टाकत लाळ गळायला लागली तर अंगावर साधं पाणी आणि पंखा. बर्फ नको.

गोठ्यात फवारायचं गोचिडाचं औषध ‘थोडंसंच’ म्हणून पिल्लाला लावू नका, झटके येतात. गोचिडाच्या बऱ्याच गोळ्याही दोन किलोंच्या आतल्या पिल्लाला चालत नाहीत, वजन करूनच घ्या. खाण्यात कांदा-लसणाचं कालवण आणि मनुके बंद.

गंजगोलाईकर
हैदराबादवाल्याला ‘नको’ म्हणून कळवलं, ऑक्टोबरलाच बघतो. गच्चीचा कठडा तीन फूट आहे, चालेल ना?

कोरडवाहू
नाही. जॅक रसेल चार फूट उडीही सहज मारतो, आणि कठड्याला टेकवलेली एक कुंडी त्याला पायरीसारखी पुरते. पाच फुटांपर्यंत जाळी लावा, कुंड्या मधी ओढा. पिल्लू यायच्या आधी.