शब्दचर्चा: 'सॉलिडॅरिटी'ला मराठीत नेमकं काय म्हणायचं?

वेलांटी
लोकशाही, मानवी हक्क, जागतिक न्याय या विषयांवरचं काहीही मराठीत आणायचं म्हटलं की या एका शब्दापाशी गाडी अडते. एकजूट, एकता, ऐक्य, बंधुता, बंधुभाव, सहभाव, भाईचारा असे शब्द समोर असतात, पण एकही सगळीकडे बसत नाही. चार जागा देतो:
१) पोलंडमधली १९८०ची कामगार संघटना.
२) समाजशास्त्रज्ञ दर्खाइमची यांत्रिक आणि सेंद्रिय अशी जोडी.
३) 'तिसऱ्या पिढीचे' मानवी हक्क.
४) फलकावरची घोषणा: आम्ही अमक्यांसोबत इन सॉलिडॅरिटी.
चारही ठिकाणी एकच प्रतिशब्द चालवता येईल का?

सातबारा
नाही चालणार. कारण शब्दाच्या मुळाशी भावना नाही, कर्ज आहे.

रोमन कायद्यात 'इन सॉलिडम' बांधलेले ऋणको म्हणजे ज्यांच्यातल्या कुणाही एकाकडून सावकार अख्खं कर्ज मागू शकतो. १८०४च्या फ्रेंच दिवाणी संहितेत 'सॉलिदारिते' हा शब्द याच अर्थाने आहे. आपल्याकडे भारतीय करार अधिनियम, १८७२चं कलम ४३ तेच सांगतं. पतसंस्थेच्या कर्जरोख्यावर 'वैयक्तिकरीत्या व सामुदायिकरीत्या जबाबदार' अशा थाटाची जी ओळ असते आणि जिच्याखाली लोक न वाचता सही ठोकतात, ती म्हणजे मूळची सॉलिडॅरिटी.

आकड्यांत बघा. चौघांनी मिळून एक लाख घेतले. बँक एकट्या पहिल्याकडून लाख वसूल करू शकते. मग त्याने उरलेल्या तिघांकडून पंचवीस-पंचवीस हजार मागायचे. त्यातल्या एकाने हात वर केले, तर त्याचे पंचवीस हजार बाकी तिघांत सारखे वाटले जातात, म्हणजे प्रत्येकाच्या डोक्यावर आणखी ८,३३३ रुपये. बुडणाऱ्याचा वाटा उरलेल्यांनी उचलायचा, हे कायद्यातच लिहिलेलं आहे.

एक फरकही आहे. जुन्या फ्रेंच संहितेत ही जबाबदारी गृहीत धरत नसत, ती करारात स्पष्ट लिहावी लागे. आपल्या कलम ४३मध्ये उलट: वेगळं काही ठरलेलं नसेल, तर प्रत्येक जण पूर्ण रकमेला बांधील.

पुढे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी लेओं बूर्ज्वा या फ्रेंच राजकारण्याने हा कायद्याचा शब्द उचलून राजकारणात आणला. माणूस जन्मतःच समाजाचा ऋणको असतो: भाषा, रस्ते, ज्ञान हे सगळं त्याला आयतं मिळालेलं असतं. तेव्हा कर भरणं हे औदार्य नसून परतफेड आहे, असं त्याचं म्हणणं. त्याला १९२०चं शांततेचं नोबेल मिळालं. 'समाजाचं ऋण' हा प्रयोग आपल्याकडे निरोप समारंभांत इतका घासला गेलाय की त्यात वसुलीचा मुद्दा आहे हेच ऐकू येत नाही.

पागोळी
सातबारा, हे छान. याला व्याकरणाची एक चाचणी जोडते.

'एकजूट' षष्ठी घेते: कामगारांची एकजूट, गावाची एकजूट. 'निर्वासितांशी एकजूट' म्हणून बघा, कानाला खडा लागतो. म्हणजे एकजूट आपल्या आपल्यात असते. जे आधीच एका जुटीत आहेत, त्यांची. सॉलिडॅरिटी मात्र पलीकडच्या माणसाशीही असू शकते, किंबहुना तिथेच तिचा कस लागतो. त्यामुळे तुमच्या चौथ्या जागी 'एकजूट' बाद. 'आम्ही त्यांच्यासोबत एकतेत उभे आहोत' हे तर इंग्रजीला मराठी टोपी घातल्यासारखं आहे, ते कृपया नको.

'-शी' घेणारा आणि 'बांधील'मधून आलेला शब्द आपल्याकडे आहे: बांधिलकी. 'शोषितांशी बांधिलकी' हे स्वच्छ मराठी आहे, आणि कर्जरोख्यातला 'बांधील' त्यात आयताच सापडतो.

अडचणी दोन. एक, बांधिलकी एकतर्फी असू शकते; मी तुमच्याशी बांधील, तुम्ही माझ्याशी असालच असं नाही. दुसरी, कंपनी कायदा, २०१३च्या कलम १३५नंतर 'सामाजिक बांधिलकी' म्हणजे नफ्याच्या दोन टक्क्यांतून दप्तरं वाटायची आणि फोटो काढायचा, असा अर्थ वर्तमानपत्रांनी रुजवला आहे.

तळटीप
पहिल्या जागेबद्दल. संघटनेचं नाव विशेषनाम आहे, ते 'सॉलिडॅरिटी' किंवा पोलिश उच्चाराने 'सोलिदारनोश्च' असंच ठेवा. मात्र ते नाव कशामुळे शोभलं, हे तळटीपेत द्या, कारण अख्खा अर्थ त्या एका दिवसात आहे.

ग्दान्स्कच्या लेनिन गोदीत १४ ऑगस्ट १९८०ला संप सुरू झाला. कामावरून काढलेल्या क्रेनचालक आना वालेंतिनोविच यांना परत घ्या, ही त्यातली एक मुख्य मागणी. दोन दिवसांनी, १६ तारखेला, व्यवस्थापनाने गोदीच्या मागण्या मान्य केल्या. संपाचे नेते लेख वावेन्सा यांनी संप संपल्याचं जाहीर केलं आणि लोक घरी निघाले. गोदी जिंकली होती. पण तिच्या पाठिंब्याला शहरातले छोटे कारखाने, ट्राम, बस बंद झाल्या होत्या, त्यांच्या हाती काहीच पडलेलं नव्हतं. तेव्हा वालेंतिनोविच, गोदीच्या दवाखान्यातल्या परिचारिका आलिना पिएन्कोव्स्का आणि ट्रामचालक हेन्रिका क्षिवोनोस अशा काही बायका आडव्या आल्या. त्यांनी निघालेल्यांना थांबवलं आणि संप इतरांसाठी पुढे चालू राहिला. त्यातूनच आंतर-कारखाना समिती उभी राहिली, मागण्या २१ झाल्या. पहिली मागणी होती पक्ष आणि मालक यांच्यापासून स्वतंत्र कामगार संघटना. ३१ ऑगस्टला करारावर सह्या झाल्या.

आपली मागणी पदरात पडल्यावरही दुसऱ्याच्या थकबाकीसाठी थांबणं. सातबारांच्या उदाहरणातला, बुडणाऱ्याचा वाटा उचलणारा ऋणको इथे भेटतो.

अशा संपाला मराठीत 'पाठिंब्याचा संप' किंवा 'सहानुभूतीचा संप' म्हणतात. दुसरा शब्द टाळलेला बरा, सहानुभूती घरबसल्याही असते. आणि एक दिवसाचा 'लाक्षणिक संप' ही वेगळी चीज, त्याच्याशी गल्लत नको.

कोशकीटक
दर्खाइमकडे वळू, कारण तिथे भाषांतरानेच विद्यार्थ्यांचा घात केला आहे.

१८९३च्या त्याच्या मांडणीत जुन्या, साध्या समाजांत सगळे एकसारखे म्हणून एकत्र असतात, ती 'यांत्रिक'. आधुनिक समाजांत श्रमविभागणीमुळे लोक वेगवेगळे आणि म्हणूनच एकमेकांवर अवलंबून असतात, ती 'सेंद्रिय'. आता 'यांत्रिक एकता' वाचून मराठी विद्यार्थ्याच्या डोळ्यांपुढे काय येतं? यंत्रयुग, गिरण्या, भोंगे. मग उत्तरपत्रिकेत यांत्रिक म्हणजे आधुनिक आणि सेंद्रिय म्हणजे खेड्यातली, असं नेमकं उलटं लिहून येतो. दर्खाइमला यंत्र अभिप्रेतच नव्हतं. निर्जीव पदार्थाचे कण जसे सरसकट एकत्र हलतात, तसं त्याला म्हणायचं होतं. आणि 'सेंद्रिय' म्हटलं की आपल्याला खत आठवतं, त्याला इलाज नाही.

शिवाय इथे कुणी कुणाशी बांधिलकी पत्करलेली नाही. समाज मुळात विस्कटत कसा नाही, हा त्याचा प्रश्न आहे. म्हणून माझी सूचना वीण: 'साम्याची वीण' आणि 'परस्परावलंबनाची वीण'. पहिल्यांदा रूढ संज्ञा कंसात द्यावी, पुढे वीणच चालवावी.

वेलांटी
वीण पटली. शेतीतल्या 'इर्जिक' आणि 'सावड' या शब्दांचा काही उपयोग?

सातबारा
उदाहरण म्हणून उत्तम, संज्ञा म्हणून नाही. सावडीत दिवसाला दिवस फिटतो: आज तुमचे बैल माझ्याकडे, उद्या माझे तुमच्याकडे. इर्जिकीत गाव आपापली औतं घेऊन एकाच्या रानात उतरतं, मोबदला म्हणून फक्त जेवण. दोन्हींत माणसं ओळखीची लागतात. दुसऱ्या खंडातल्या अनोळखी माणसाशी सावड कशी धरणार? जागतिक न्यायाचा पेच तोच आहे.

तिथे 'मदत' आणि 'दान' हे शब्दही जपून. दान दिलं तर देणाऱ्याला पुण्य, नाही दिलं तर कुणाची तक्रार नाही. न्याय म्हटलं की घेणाऱ्याचा दावा उभा राहतो. १९७१मध्ये बंगालमधल्या निर्वासितांचे लोंढे समोर असताना पीटर सिंगर या तत्त्वज्ञाने हीच रेघ चुकीच्या जागी आखली गेल्याचं मांडलं होतं. श्रीमंत देशांतले लोक ज्याला दानधर्म म्हणतात, ते त्यांचं कर्तव्य आहे, असं.

तळटीप
'बंधुता' मात्र इतक्या लवकर बाजूला सारू नका. तिसऱ्या पिढीच्या हक्कांची कल्पना कारेल वासाक या कायदेपंडिताने १९७७मध्ये मांडली ती स्वातंत्र्य, समता, बंधुता या त्रयीवर बेतून; बंधुतेच्या खणात त्याने विकास, शांतता, निरोगी पर्यावरण हे 'सॉलिडॅरिटीचे हक्क' ठेवले. तेव्हा तिसऱ्या जागी 'बंधुतेचे हक्क' चुकीचं होणार नाही.

आपल्या संविधानाच्या उद्देशिकेतही 'बंधुता' आहे. संविधान सभेच्या मूळ उद्दिष्टांच्या ठरावात ती नव्हती, डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखालच्या मसुदा समितीने ती घातली.

पागोळी
पण त्या बंधुतेला लगेच 'राष्ट्राची एकता आणि एकात्मता' जोडलेली आहे, म्हणजे ती देशाच्या हद्दीत बोलते. पर्यावरणाचा हक्क हद्दीपलीकडचा. मी तिथे 'सहदायित्वाचे हक्क' म्हणेन. बोजड आहे, पण ऋण सोडत नाही.

शिवाय बंधुतेत बहिणी कुठे? मानवी हक्कांच्या १९४८च्या जागतिक जाहीरनाम्यात पहिल्या कलमातलं 'ऑल मेन' काढून 'ऑल ह्यूमन बीइंग्ज' आणायला भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहतांनी भांडण केलं, ते जमलं. त्याच कलमातलं 'ब्रदरहुड' तसंच राहिलं, मराठीत त्याचं 'बंधुत्व' झालं.

कोशकीटक
जाता जाता 'हक्क' आणि 'अधिकार'. मराठीत अधिकार म्हणजे सत्ता; अधिकारी तो, ज्याच्याकडे ती असते. संविधानाच्या मराठी प्रतीत 'मूलभूत हक्क' आहेत, राज्याचा आयोग 'मानवी हक्क आयोग' आहे. 'मानवाधिकार' हिंदीतून आला. अर्थात 'माहितीचा अधिकार' आता इतका मुरलाय की तो बदला म्हणणं व्यर्थ. गंमत म्हणजे 'हक्क' हाही धुतल्या तांदळासारखा नाही. मराठेशाहीच्या कागदांत हक्क म्हणजे वतनदाराचं जन्मसिद्ध येणं, म्हणजे माणूस म्हणून सर्वांना सारख्या मिळणाऱ्या गोष्टीच्या बरोबर उलट.

वेलांटी
मग सध्या असं धरतो: १) सॉलिडॅरिटी, तळटीपेसह. २) वीण. ४) फलकावर 'तुमचा लढा, आमचा लढा', मजकुरात 'बांधिलकी'. तिसऱ्या जागी तळटीप आणि पागोळी यांचं जमेपर्यंत जागा कोरी. 'बंधुता'तला धु ऱ्हस्वच ना?

कोशकीटक
ऱ्हस्व. सुटा 'बंधू' दीर्घ. 'बंधुता', 'बंधुभाव' यांत मूळ संस्कृत 'बंधु' राहतो. 'एकजूट' दीर्घ, पण 'एकजुटीचा विजय असो'मध्ये ऱ्हस्व. मोर्चाच्या फलकांवर हे दोन्ही हमखास चुकतात.