मदत हवी आहे: समोरच्याच्या मनात काय चाललंय, हे मुलाला कसं शिकवावं?

नमस्कार मंडळी. आम्ही कोथरूडला राहतो. मुलगा १२ वर्षांचा, त्याला ऑटिझम आहे. अभ्यास, बुद्धिबळ छान. अडतं ते माणसांपाशी. शेजारच्या काकूंनी दारातूनच "चहा घेणार का?" विचारलं की हा थेट आत जाऊन बसतो. (पुण्यात नव्याने आलेल्या मोठ्यांचीही इथे गडबड होते म्हणा.) मित्र जांभया देत असला तरी याची मेट्रोबद्दलची बडबड वनाजहून रामवाडीला पोचल्याशिवाय थांबत नाही.

थेरपिस्टनी सॅली-ॲनची चाचणी घेतली. सॅली गोटी टोपलीत ठेवून बाहेर जाते, ॲन ती गुपचूप खोक्यात टाकते; सॅली परत आल्यावर आधी कुठे शोधेल? यानं "टोपलीत" असं लगेच बरोबर सांगितलं, कारण सॅलीला बदल ठाऊकच नाही. म्हणजे टेबलाशी बसून जमतं, पार्किंगमध्ये खेळताना नाही.

डेमियन मिल्टन या स्वतः ऑटिस्टिक असलेल्या अभ्यासकानं २०१२ मध्ये मांडलं की गैरसमज दोन्ही बाजूंनी होतो. इतरांनाही ऑटिस्टिक माणूस कळत नाहीच. मला हे पटतं. त्यामुळे सगळं ओझं पोरावर टाकायचं नाहीये. पण मित्र त्यालाही हवे आहेत, रोज खाली जातो.

विचारांचे फुगे काढून प्रसंगांची चित्रं रंगवणं कुणी करून पाहिलंय का? प्रत्यक्ष खेळताना उपयोग झाला? सोसायटीतल्या मुलांना तुम्ही काय आणि किती सांगितलंत? मुलासमोर की त्याच्या माघारी? कर्वेनगर-वारजे भागात या वयाच्या मुलांचा छोटा गट असेल तर तेही कळवा.