मदत हवी आहे: आईला पुण्यात 'प्रभात'च्या खुणा दाखवायच्या आहेत

नमस्कार मंडळी,
पुढच्या महिन्यात आई चार दिवस पुण्यात येतेय. वय ७८, गुडघे दुखतात, पण विष्णुपंत पागनीसांचा विषय निघाला की ताठ बसते. त्यांचा 'प्रभात'चा १९३६ चा 'संत तुकाराम' सिनेमा टीव्हीवर लागला की आजही हातातलं निवडणं बाजूला ठेवून नमस्कार करते.

प्रभात फिल्म कंपनी १९२९ साली कोल्हापुरात सुरू झाली, १९३३ मध्ये पुण्यात आली. त्याच आवारात १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झालं. ते जुने स्टुडिओ तिला डोळे भरून पाहायचेत. आत जायला परवानगी कशी काढायची? आधी पत्र द्यावं लागतं का? आणि चालणं किती पडेल? मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच आहे.

प्रभात रस्त्यावरून तर नेणारच आहे. शांता आपटे, दुर्गा खोटे यांचे जुने फोटो, पोस्टर, त्या काळचे कॅमेरे कुठे बघायला मिळतील? दूरदर्शनवरच्या जुन्या मालिकेतल्या चिमणराव-गुंड्याभाऊंवरही तिचा फार जीव. दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे अशी नुसती नावं घेतली तरी चेहरा खुलतो. त्यांच्या काळातलं काही जपलेलं असेल तर तेही सांगा.

रिक्षा दारापर्यंत जाते का, बसायला बाक आहेत का, हे जरूर लिहा.